लुटुपुटीची दोनशे वर्षं

रविवारी सकाळी मुलुंडच्या आमच्या घरासमोर चपलांचा ढीग पडायचा आणि मला त्याचा अभिमान होता. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो आणि सल्ला फुकट द्यायचो, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. कोणी पीएच.डी.चा विद्यार्थी, कोणी ठाण्याच्या कारखान्यातला अधिकारी, एकदा तर भाजी बाजारातला एक अडत्याही आला होता. "सर, आमचं मॉडेल भलतंच उत्तर देतंय," असं म्हणत ते कागद पसरायचे. मी चष्मा कपाळावर सरकवायचो आणि ठरलेला प्रश्न टाकायचो : "आकडे कुठून आणलेत? ते लिहिणाऱ्या माणसाशी बोललात का?"

बहुतेक जण बोललेले नसायचे. मग मी त्यांची अशी हजेरी घ्यायचो की चहा घेऊन आलेली जयंती, माझी बायको, दारातच थबकायची. "आकडे आभाळातून पडत नाहीत, कोणीतरी माणूस ते लिहितो. तो का लिहितो, काय गाळतो, हे आधी विचारा आणि मग कॉम्प्युटरला हात लावा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकवलं होतं की जयंतीलाही पाठ झालं होतं. ते सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला ठाऊक होतं आणि मी विचारलं नाही.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. आमच्या भागात एक रुग्णसेवा मंडळ होतं. त्यांच्याकडे दोन अँब्युलन्स होत्या आणि त्या उभ्या करायला एक पत्र्याची शेड. मंडळाचे सेक्रेटरी मधुकरराव, बँकेतून निवृत्त झालेले, गोड बोलणारे गृहस्थ. ते एका रविवारी आले आणि म्हणाले, "सर, दुसरी गाडी बहुतेक वेळ नुसतीच उभी असते. बदलापूरची एक संस्था वर्षाच्या बोलीवर मागतेय. अर्धी शेड मोकळी झाली तर तिथे मुलांसाठी अभ्यासिका काढता येईल. पण आम्हाला उगाच अंदाजाने ठरवायचं नाही. शास्त्रशुद्ध काय ते तुम्ही सांगा."

शास्त्रशुद्ध म्हटलं की मी विरघळतो. त्यात कॉलेजात त्याच वर्षी पहिला कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली होती, दाराबाहेर बूट काढून आत जावं लागे आणि प्राचार्य स्वतः कुलूप उघडत. त्याच्यावर करायला मला काहीतरी खरं काम हवंच होतं. मी मधुकररावांना समजावलं : "कॉम्प्युटर फासे टाकल्यासारखे आकडे काढतो. त्यावरून आपण लुटुपुटीचं एक वर्ष घडवायचं. अमुक दिवशी अमुक वाजता फोन आला, गाडी गेली, दोन तासांनी परत आली. एक गाडी बाहेर असताना दुसरं बोलावणं वर्षातून किती वेळा येतं ते मोजायचं. अशी दोनशे वर्षं घडवली की चित्र स्पष्ट होतं." मधुकररावांनी हात जोडले. अभ्यासिका माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिच्या भिंतीवर माझा फोटो नसता, पण उद्घाटनाला नारळ मीच फोडला असता, एवढं मी मनात ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी धाकू वर्षभराची रजिस्टरं घेऊन आला. धाकू म्हणजे मंडळाचा जुना ड्रायव्हर, मालवणकडचा, पन्नाशी उलटलेला. आम्ही सगळे तरी त्याला अरे-तुरेच करायचो. पहिलं रजिस्टर फोनचं होतं : कोणाचा फोन, किती वाजता, पेशंट कुठे पोचवला. वर्षाचे एकशे बावन्न फोन. दुसरं गाड्यांचं : कुठली गाडी कधी निघाली, किती किलोमीटर फिरली. दोन्ही ताडून बघताना मला दिसलं की दुसरी गाडी फोन आलेला नसतानाही सारखी बाहेर जाते. नोंद एकच : 'ट्रायल'. आठवड्याला दोन, कधी तीन. मी मोजल्या, एकशे एक्केचाळीस.

"अरे धाकू," मी मोठ्याने हसून म्हणालो, "ही गाडी कधी चालते की नुसती ट्रायलच देत असते?"

धाकू दाराशी उभा होता. तोही थोडा हसला आणि पायाकडे बघू लागला.

मालन लादी पुसत होती. ती सात वर्षं आमच्याकडे भांडी-लादी करत होती. आमच्या रस्त्याच्या टोकाला डोंगर सुरू होतो आणि डोंगरावर झोपड्यांची वस्ती आहे, ती तिथे राहायची. मूळची राजापूरकडची. नवरा गिरणीत होता, संपानंतर घरी बसला आणि दोन वर्षांत गेला. मुलगा नंदू भांडुपला एका कारखान्यात लागला होता आणि त्याची बायको सुगंधा तिसऱ्या महिन्यात होती. मालनने फडकं पिळता पिळता विचारलं, "काय मांडलंय वो सर?"

मी तिला सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. कॉम्प्युटर कोण कधी आजारी पडणार ते ठरवतो, मग गाडी पुरते का ते बघतो.

"मग ह्यात आमी येतो का, डोंगरावरचे?"

"येतात, सगळेच येतात," मी म्हणालो. वर बघितलंही नाही.

आता लाल पेन्सिलीचं सांगतो. ट्रायलच्या नोंदी रुग्णांच्या नव्हेत, त्या ठेवल्या तर हिशेब बिघडेल, म्हणून मी प्रत्येकीवर लाल रेघ मारली. रेघा मारता मारता माझ्या लक्षात आलं की जवळपास प्रत्येक ट्रायल अकराच किलोमीटरची आहे. अकरा, अकरा, साडेअकरा, अकरा. वेळा बघितल्या तर पहाटे पाच, दुपारी दोन, सकाळी सात. गाडीची चाचणी घ्यायला पहाटे पाचला कोण उठतं? माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने अशा नोंदी खोडून आणल्या असत्या तर मी त्याला दाराबाहेर काढला असता. मी मात्र दोन-तीन मिनिटं पेन्सिल हातात धरून बसलो. धाकू चार पावलांवर उभा होता. विचारलं असतं तर कदाचित वेगळंच काही निघालं असतं, दोन प्रकारची बोलावणी धरून प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागला असता, आणि कॉम्प्युटर मला दोनच दुपारी मिळणार होता. खरं म्हणजे हेही कारण नाही. मला उत्तर आधीच आवडलं होतं. मी रेघा मारत राहिलो.

दोनशे वर्षं घडवायला कॉम्प्युटरला पाऊण तास लागला. उत्तर आलं : एक गाडी ठेवली तर ती बाहेर असताना दुसरं बोलावणं येण्याची वेळ वर्षातून सरासरी पाचदा. कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदाची घडी मी मंडळाच्या सभेत उलगडली तेव्हा ती टेबलावरून खाली ओघळली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहवालात मी एक वाक्य लिहिलं होतं, ते मला आजही झोपेतून उठवून विचारलं तर सांगता येईल : 'या पाचही कुटुंबांकडे टेलिफोन असल्याने ती अन्य वाहनाची व्यवस्था करू शकतील.' एप्रिलमध्ये दुसरी गाडी बदलापूरला गेली. मे महिन्यात शेडच्या अर्ध्या भागात बाकं आली आणि नारळ मी फोडला.

सप्टेंबरात मालन एकदा न सांगता आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. असे आठ दिवस गेले. जयंती वैतागून भांडी घासत होती आणि मी पेपर वाचत, "निरोप तरी पाठवायचा," असं दोनदा म्हणालो. नवव्या दिवशी मालन आली. नेहमीसारखी मोरीत बसली आणि भांड्यांना हात घालत जयंतीला सांगू लागली. मी बाहेरच्या खोलीत होतो. मधे पडदाच काय तो.

"सुगंधाला सकाळी दहाला कळा लागल्या, वैनी. दिवस भरले नव्हते अजून. रगात जायला लागलं. मी धावत गाडीच्या शेडवर गेले. गाडी परळला गेलेली, कुनाला तरी घेऊन. बसले तिथंच, येईल म्हनून. पाऊन तास बसले. रिक्षावाला रगात म्हटल्यावर घ्यायला तयार नाय, आडवी बाई रिक्षात मावनार तरी कशी. मग माणसांनी फळीवर घालून खाली आनली, हातगाडीवर ठेवली. सुगंधा वाचली. मुलगा होता. हॉस्पिटलाच्या दारात गेला."

जयंती काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही.

"आधी दोन गाड्या होत्या वो," मालन म्हणाली. "एक गेली की दुसरी असायची. म्हंतात कुनीतरी शिकलेल्या मानसानं हिशोब केलान नि दुसरी काढली."

मी पेपर तोंडासमोर धरला. तेवढंच मला सुचलं. मालन लादी पुसायला बाहेर आली तेव्हा मी पाय वर घेतले आणि तिने खुर्चीखालून फडकं फिरवलं. पेपरातली एक ओळही मला दिसत नव्हती, पण पान उलटायला मी विसरलो नाही. इतका मी त्या वेळी हुशार होतो. जयंती दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. अहवाल तिनेच मला वाचून दाखवला होता, चुका तपासायला. ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही याचं मला बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

त्या दिवशी कॉलेजला न जाता मी शेडवर गेलो. धाकू गाडीच्या पायरीवर बसला होता. मी विचारलं, सहा महिने उशिरा विचारलं, "धाकू, त्या ट्रायल म्हणजे काय होतं?"

त्याने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "वस्तीतली माणसा, सर. मंडळाचो नियम हा ना, फोन नंबर लिवल्याशिवाय नोंद करूची नाय, उगाच कोनी गाडी पळवू नये म्हनून. डोंगरावर फोन खंयचो? माणसा धावत येत. मी गाडी काढी. डिझेल गेला तर काय तरी लिवक होयाच. म्हनून ट्रायल. हॉस्पिटल जाऊन-येऊन अकरा किलोमीटर."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं नि तुमी मधुकररावांका बोलला असता, तर ता पन बंद झाला असता." तो पायरीवरून उठला. "आनि तुमी माका इचारलात नाय, सर. तुमी हसलात."

मी तिथून अभ्यासिकेच्या दाराशी गेलो. आत चार मुलं गणितं सोडवत होती, त्यांतला एक माझ्याच वर्गातला. "सर!" म्हणून तो उभा राहिला. मी हातानेच बसायची खूण केली आणि निघालो.

लाल रेघांखालच्या एकशे एक्केचाळीस नोंदी मी परत आकड्यांत घेतल्या. प्राचार्यांच्या हातापाया पडून एक दुपार मिळवली, बूट काढले, तीच दोनशे वर्षं पुन्हा घडवली. पाचाच्या जागी वीस. वर्षातून वीस वेळा कोणीतरी धावत येणार आणि गाडी नसणार, आणि त्यातल्या निम्म्या लोकांकडे फोन नाही, म्हणजे दुसरी व्यवस्था कसली. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती, ती आधीही नव्हती.

कागद घेऊन मी मधुकररावांकडे गेलो. त्यांनी तो आदराने हातात घेतला, चहा मागवला आणि म्हणाले, "सर, कसं आहे, ठराव तुमच्याच आकड्यांवर झालाय. आता तुम्हीच म्हणता आकडे वेगळे. सभासद विचारतील की तिसऱ्यांदा काय येणार? गाडी परत मागवता येते, करारात महिन्याच्या नोटिशीची सोय आहे. पण पंधरा तारखेच्या सभेत लुटुपुटीचे वीस घेऊन येऊ नका. खरी एक केस आणा. नाव, गाव, तारीख, लेखी, सहीनिशी. मग मी स्वतः ठराव मांडतो."

मी म्हणालो, "आणतो." आणि जिना उतरताना मला कळलं की मी काय कबूल केलंय.

चार दिवस मी मालनसमोर तोंड उघडू शकलो नाही. रोज ती यायची, मी रोज ठरवायचो, आणि रोज ती बादली घेऊन निघून जायची. वर्गात साठ मुलांसमोर तास-तास बोलणारा मी, ती आली की पेपर उघडायचो. एकदा तर मनात आलं, नंदूला गाठावं, त्याच्याकडून लिहून घ्यावं, माझा संबंध न सांगता. विचार चांगला अर्धा तास टिकला. शेवटी जयंतीनेच चहाचा कप माझ्यासमोर जरा आपटून ठेवला. "उद्या तिने दुसरीकडून ऐकलं तर मी या घरात तिच्याशी कशी बोलणार?" ती म्हणाली. "आज सांगा. नाहीतर मी सांगते."

मालन मोरीतून हात पुसत बाहेर आली तेव्हा मी तिला बसा म्हणालो. ती आमच्याकडे सात वर्षांत खुर्चीवर बसली नव्हती, तेव्हाही बसली नाही. जमिनीवर भिंतीला टेकली. मग मीही खाली बसलो, ते फार काही मोठं केलं असं नाही, पण खुर्चीवरून बोलवेना. सगळं सांगितलं. हिशेब मी केला, धाकूच्या नोंदी मी खोडल्या, अकरा किलोमीटर मला दिसले होते. मग गाडी परत आणायला तिची लेखी हकिकत लागेल हेही सांगितलं.

ती पदराच्या टोकाची गाठ सोडायची, परत मारायची. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटत होतं तिने ओरडावं.

"वस्तीत तीन बाया आता दिवसांच्या हायत," ती शेवटी म्हणाली. "म्हनून देते. लिवा. पन सुगंधाचं नाव नको. तिला सभेत कशाला न्यायची? माझं लिवा, मी गेले होते शेडवर. नि पोराला नाव ठेवलंच नव्हतं, तेवढं एक लिवायचं वाचलं तुमचं."

मी लिहायला लागलो. ती सांगत गेली, तारीख, वाजले किती, किती वेळ बसली, फळी कोणाच्या घरची. मी तिचं एकही वाक्य सुधारलं नाही. शेवटी कागद तिच्यापुढे केला. तिला सही करता येत होती. 'मालन' एवढंच, एकेक अक्षर सावकाश. मी कागद उचलायला हात पुढे केला तर तिने त्यावर तळवा ठेवला.

"तुमचं राह्यलं."

"माझं काय?"

"हिशोब कुनी केला ते. नाव, नि तुमी काय खोडलंत ते."

मी जयंतीकडे बघितलं. ती मला सोडवायला आली नाही. पंधरा तारखेच्या सभेला कॉलनीतले सगळे येणार होते, प्राचार्य येणार होते, रविवारी माझ्या दाराशी चपला काढणारे अर्धे लोक येणार होते. ते सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि मालनसमोर बसलेलो असताना मला चपला आठवल्या याची त्या दिवसातली सगळ्यात जास्त लाज वाटली. मी लिहिलं. खाली सही केली.

मालनने कागद हातात घेतला. तिला माझं गिचमिड अक्षर लागेना. तिने तो परत माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "वाचा."

तिची हकिकत मी सरळ वाचली. मग माझा भाग आला. "मी, विद्याधर..." इथपर्यंत आलो आणि पुढचं ओठातल्या ओठात जायला लागलं.

"ऐकू नाय आलं," मालन म्हणाली. "सभेत मी नसनार. तिथं पन असंच पुटपुटलात तर काय उपेग? पयल्यापास्नं वाचा."

मी पहिल्यापासून वाचायला लागलो.